दाजींना दाखवलेले कोल्हापूर

माझी थोरली बहीण लग्न होऊन अमरावतीला गेली, त्याला आता बत्तीस वर्षे झाली. एवढ्या काळात दाजी कोल्हापूरला वीस-पंचवीस वेळा तरी आले असतील. पण दर वेळी घरात काही ना काही कार्य असायचे, त्यामुळे आल्या आल्या अंबाबाईचे दर्शन, दोन दिवसांचा पाहुणचार आणि लगेच परतीची गाडी असाच क्रम ठरून गेला होता. यंदा निवृत्तीनंतर ते डिसेंबरात पहिल्यांदाच निवांत आले आणि रात्री जेवताना म्हणाले, "तुमचं गाव मी पाहिलंच नाही. मी पाहिलंय ते तुमचं घर आणि देऊळ." अक्का त्या वेळी काही बोलली नाही. मागचे आवरताना मात्र मला म्हणाली, "उद्याच्या उद्या कोणाला तरी विचार. नीट दाखवणारा माणूस बघ." भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिने तेवढ्यात वही आणि पेन्सिली पिशवीत भरूनही ठेवल्या.

अक्काने "नीट" या शब्दावर जोर का दिला, ते मला माहीत होते. गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांसाठी मी एका टूरवाल्यांची गाडी ठरवली होती. सात तासांत नऊ ठिकाणे, असा तो कार्यक्रम होता. त्यांच्या माणसाने माइकवरून शालिनी पॅलेस हा राजर्षी शाहू महाराजांचा राहता वाडा असल्याचे सांगून टाकले. वास्तविक महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले आणि शालिनी पॅलेस बांधला गेला तो १९३० नंतरच्या दशकात. रंकाळ्यातल्या नंदीची आख्यायिकाही त्याने इतिहास म्हणूनच सांगितली. पाहुण्यांपैकी एका बाईंनी देवीचे तोंड पश्चिमेला का, असे विचारले, तेव्हा "श्रद्धेचा विषय आहे" एवढे बोलून तो पुढच्या ठिकाणाकडे वळला. मला वाईट वाटले ते याचे की उत्तर मलाही देता आले नाही. ज्या गावात जन्म गेला त्या गावाबद्दल एवढा साधा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नव्हता, ही गोष्ट मला बरेच दिवस टोचत राहिली.

या वेळी एका ओळखीच्यांमार्फत आम्हाला एक सर भेटले. ते शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आहेत आणि चार-सहा माणसांपेक्षा मोठा गट घेत नाहीत. फोनवर त्यांनी दोन अटी घातल्या. जुन्या कोटाच्या आतला भाग चालतच पाहायचा, आणि मंगळवार-शुक्रवार सोडून बुधवारी निघायचे, कारण त्या दोन दिवशी मंदिरात उभे राहून काही बघणे शक्य नसते. आणखी एक गोष्ट त्यांनी पहाटे भेटल्यावर सांगितली. दिवसभरात ते तीन शब्द वापरणार होते. ज्याला कागद, शिलालेख किंवा खोदकामाचा पुरावा आहे ती "नोंद". पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत ती "परंपरा". आणि लोक सांगतात ती "आख्यायिका". तिन्हींना गावात जागा आहे, पण एकीला दुसरीच्या जागेवर बसवायचे नाही, असे ते म्हणाले. दिवसभर त्यांनी हा नेम मोडला नाही.

पहाटे आम्ही महाद्वारासमोर उभे होतो. थंडी होती, फुलवाल्या बायका वेण्या आणि कमळे मांडत होत्या. सरांनी आम्हाला लगेच आत नेले नाही. महाद्वाराकडे पाठ करून त्यांनी आम्हाला पश्चिमेकडे, महाद्वार रोडच्या दिशेने पाहायला सांगितले आणि मगच माझ्या त्या जुन्या प्रश्नाला हात घातला.

अंबाबाईचा गाभारा पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी तसेच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवशी, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून शिरतात आणि गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन असे टप्पे ओलांडत देवीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी ती चरणांना स्पर्श करतात, दुसऱ्या दिवशी मध्यभागापर्यंत चढतात आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जातात. हा किरणोत्सव मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण हेच दिवस का, हे मला त्या पहाटे उमगले. सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो वर्षातून फक्त दोनदा. हिवाळ्यात त्याचा मावळतीचा बिंदू दक्षिणेकडे सरकत जातो, २१-२२ डिसेंबरला टोकाला पोहोचतो आणि तिथून माघारी फिरतो. म्हणजे टोकाच्या अलीकडचा प्रत्येक बिंदू त्याला जाताना एकदा आणि येताना एकदा, असा दोनदा गाठावा लागतो. सरांनी भाचीला बोटांवर मोजायला लावले: १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस, आणि २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४२ दिवस. मंदिर ज्यांनी आखले त्यांनी या एका बिंदूवर दार, मंडप आणि गाभारा एका ओळीत धरले आहेत. भाचीने वहीत ती रेघ ओढली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली.

ती रेघ मोकळी राखणे ही आज राहणाऱ्यांची जबाबदारी आहे, हेही सरांनी तिथेच सांगितले. महाद्वार रोडच्या बाजूची वाढलेली बांधकामे, मध्येच टांगलेला एखादा फलक, हवेतली धूळ आणि नोव्हेंबरातले ढग, यांमुळे काही वर्षी किरणे वाटेतच अडतात. ढगांना इलाज नाही, बांधकामांना आहे. माझे मत विचाराल तर किरणांच्या वाटेत एक वीटही चढू देता कामा नये, मग ती कोणाचीही असो.

आत गेल्यावर दर्शनाची रांग तासाभरात उरकली. दर्शन झाल्यावर मात्र सरांनी आम्हाला बाहेरच्या भिंतीजवळ थांबवले. मंदिराचा तळ चांदणीसारखा, कोन काढत गेलेला आहे, त्यामुळे भिंतीवर सकाळचे ऊन सपाट न पडता घडीघडीने पडते आणि प्रत्येक घडीतली मूर्ती वेगळी उठून दिसते. ऊन नुकते वर येत होते. सरांनी भाचीला दोन दगडांच्या सांध्यावर नख फिरवून पाहायला सांगितले. दगड काळा, गार आणि शेकडो वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. सांधा डोळ्यांना दिसत होता, पण नख कुठे अडत नव्हते. या मूळ दगडी बांधणीत चुना नाही, दगड दगडावर केवळ घडणीने आणि वजनाने बसला आहे. वरची शिखरे मागाहूनची आहेत आणि तो फरक एकदा सांगितल्यावर नजरेतून सुटत नाही. चालुक्य, शिलाहार, यादव अशा अनेक राजवटींचे हात या वास्तूला लागले आहेत. मधल्या धामधुमीच्या काळात मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती आणि १७१५ साली विजयादशमीला, करवीरच्या म्हणजे कोल्हापूरच्या गादीवरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. सर म्हणाले, "ही नोंद." मग देवीच्या हातांतले म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र यांचा अर्थ त्यांनी सांगितला, वरच्या मजल्यावरच्या मातुलिंग या शिवलिंगाचा उल्लेख केला आणि पूर्वी बुजवून वर बाग केलेले मणिकर्णिका कुंड आता उकरून मोकळे केले आहे तेही दाखवले. अक्का कुंडाच्या कठड्याशी उभी राहून म्हणाली, "मी तर इथं बागेत खेळलेय." आपण ज्यावर खेळलो त्याच्याखाली पाणी होते, याचे तिला फार नवल वाटले.

न्याहारीला मिसळ झाली. अमरावतीकडे मिसळीबरोबर पाव येतो, इथे ब्रेडच्या स्लाइस आणि कटाचे वेगळे भांडे. दाजींनी कट तीनदा मागून घेतला.

भवानी मंडपात आम्ही फार रेंगाळलो नाही. जुन्या राजवाड्याचा हा दर्शनी भाग, समोर उंच नगारखाना, आत तुळजाभवानीचे मंदिर. पण इथे दाजींची एक जुनी गल्लत दूर झाली, आणि ती पुष्कळांची असते म्हणून सांगतो. साताऱ्याचे शाहू महाराज म्हणजे शिवछत्रपतींचे नातू, संभाजी महाराजांचे चिरंजीव. ते मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर ताराराणींनी वेगळी गादी चालवली आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर ही दोन राज्ये रीतसर वेगळी झाली. राजर्षी शाहू हे त्यानंतर दीडशे वर्षांनी आलेले. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव, २६ जून १८७४ रोजी कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात जन्मलेले, १८८४ मध्ये दत्तक येऊन शाहू झालेले आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतलेले. दाजी म्हणाले, "म्हणजे शाळेत मी दोघांना एकच समजून पेपर लिहिला." सरांनी त्यांना त्यात कमीपणा वाटू दिला नाही; हा प्रश्न दर दुसरा पाहुणा विचारतो, असे ते म्हणाले.

तिथून खासबाग. मैदानात त्या दिवशी कुस्ती नव्हती, चिटपाखरूही नव्हते, आणि तेच बरे झाले. सरांनी आम्हा चौघांना चार वेगवेगळ्या ठिकाणी बसवले: अक्काला अगदी खाली, मला मध्यावर, दाजींना वर आणि भाचीला सगळ्यात मागच्या कडेला. मग ते स्वतः मधल्या आखाड्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, पायातली चप्पल काढून त्यांनी एक पाऊल पुढे टाकले आणि विचारले, "पाऊल दिसलं का?" आम्हा चौघांनाही दिसले होते. चहूबाजूंनी चढत जाणारा उतार, मध्ये खांब नाही की आडोसा नाही, आणि खोलगट तळाशी आखाडा. कुस्तीत डाव पायांत असतो, आणि मागच्या माणसाला पाय दिसले नाहीत तर त्याने काय पाहिले? शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले होते. रोममधले प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांनी हे मैदान मनात धरले आणि परतल्यावर पुढच्या दशकभरात ते उभे केले. राजाला पाहिजे तर स्वतःसाठी एक उंच आसन बांधून भागले असते. इथे सगळ्यात मागे बसलेल्या शेतकऱ्याच्या नजरेचा हिशेब आधी केलेला आहे.

भाची वर बसून मैदानाचा उभा छेद काढत होती. तिच्या शेजारी बसून दाजी तालमींबद्दल विचारू लागले आणि मग सरांची गाडी थांबेना: गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी, तांबड्या मातीत घालायचे ताक, तेल, हळद आणि लिंबू, पहाटेच्या जोर-बैठका, मैदानाच्या दिवशी घुमणारी हलगी, आणि १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे. हलगी वाजायला लागली की मांडीवर शड्डू ठोकावासा वाटतो, हे मात्र सांगून कळत नाही, त्यासाठी कुस्तीच्या दिवशीच यायला हवे.

महाराजांच्या त्याच परदेश दौऱ्यातली दुसरी गोष्ट सरांनी मैदानातून बाहेर पडताना सांगितली. महाराज तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला. एका माणसाच्या एकाच प्रवासातून एकीकडे मैदान आले आणि एकीकडे आरक्षण. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मी आजवर कधी पाहिल्या नव्हत्या.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. मूळचे हे पॅलेस थिएटर, १९१५ साली सुरू झालेले, महाराजांनीच बांधलेले. कोल्हापुरात जन्मलेले संगीतसूर्य केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श ही नाटकमंडळी काढली आणि १९२१ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. पुढे नाट्यगृहाला त्यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, हे नाट्यगृह जळाले. त्या रात्री मी खाऊ गल्लीच्या तोंडाशी गर्दीत उभा होतो. छप्पर आत कोसळल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या शेजारचे एक वयस्कर गृहस्थ डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले होते. आमच्या आईवडिलांनी लग्नानंतर पहिले नाटक इथेच पाहिले, मी शाळेच्या स्नेहसंमेलनात इथल्याच रंगमंचावर उभा राहिलो. दगडी भिंती वाचल्या आणि पुनर्बांधणी हाती घेतली गेली. सर इथे फारसे बोलले नाहीत. दोन वाक्यांत इतिहास सांगून ते बाजूला झाले आणि अक्का हवी तेवढी उभी राहिली. उत्तम मार्गदर्शकाला गप्प कुठे बसायचे हेही कळावे लागते.

उन्हे तापायच्या आत आम्ही बिंदू चौकात आलो. वाहनांच्या गराड्यात हा चौक नुसताच ओलांडला जातो. आम्हीही तो ओलांडतच मोठे झालो. एका बाजूला जुन्या कोटाची तटबंदी उरली आहे आणि चौकात महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे शेजारी शेजारी आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी त्यांचे अनावरण झाले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. दाजी सरकारी नोकरीत होते. त्यांनी अमरावती-नागपूरकडचे कितीतरी पुतळे पाहिले आहेत. ते पुढे गेले, चपला काढल्या, हात जोडले आणि परत आल्यावर एवढेच म्हणाले, "हे मला कोणी सांगितलं नव्हतं." त्यानंतर सरांनी १९२० च्या मार्चमधल्या माणगाव परिषदेबद्दल सांगितले, जिथे शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांना लोकांपुढे उभे करून हाच तुमचा पुढारी असे सांगितले होते. पुतळे का, आणि इथेच का, याचा धागा तीस वर्षे मागे असा जाऊन पोहोचतो.

तिथून भाऊसिंगजी रोडला लागल्यावर सर एका जागी अकस्मात थांबले. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे सत्यसुधारक हॉटेल होते. गंगाराम हे महाराजांच्या पागेतले नोकर. वरिष्ठ जातींच्या नोकरांसाठी राखलेल्या हौदाला हात लावला म्हणून महाराज बाहेरगावी असताना त्यांना मारहाण झाली. महाराज परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना तर शिक्षा केलीच, पण गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. चहाचे दुकान निघाले, तरी अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज फिरायला निघाले की आपली गाडी बरोबर या दुकानासमोर थांबवत, चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या सरदार-अंमलदारांनाही पाजत. राजाच्या हुकमाने आदेश काढता येतो, पण समोरच्याच्या हातचा कप तोंडाला लावणे हे हुकूम काढण्यापेक्षा अवघड, आणि महाराजांनी दोन्ही केले. आम्ही त्याच रस्त्याच्या कडेला, एका साध्या गाड्यावर उभे राहून चहा घेतला. अक्काने आपला कप संपल्यावरही बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

दसरा चौक आणि आसपासची बोर्डिंगे आम्ही चालता चालता पाहिली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून महाराजांनी जवळपास प्रत्येक जातिधर्माच्या मुलांसाठी वसतिगृहांना जागा आणि आधार दिला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. आमचे आजोबा यांपैकी एका बोर्डिंगात राहून शिकले, हे अक्काने भाचीला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले.

टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात मला स्वतःला सर्वांत जास्त आनंद झाला. ही इमारत, बाहेरच्या तोफा आणि झाडी मी शेकडो वेळा पाहिली असेन, सीपीआर रुग्णालयात जाताना समोरच तर आहे. आत जायचे मात्र राहून गेले होते. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन विटांची घरे, नाणी आणि भांडी सापडली. याच ब्रह्मपुरीने दिलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती आम्ही काचेमागे पाहिली. मूर्ती ओंजळीत मावेल एवढी, एक हात वर उचललेला, दंडाचे स्नायू आणि दाढीचे केससुद्धा घडवलेले. भूमध्य समुद्राकडचा हा देव बंदरात उतरला, घाट चढला आणि आमच्या पंचगंगेच्या काठावर कोणाच्या तरी घरात येऊन राहिला. कोकणातली बंदरे आणि देशावरची गावे यांना जोडणाऱ्या वाटेवर आपले गाव दोन हजार वर्षांपूर्वीच होते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या चिमुकल्या हाताकडे पाहणे वेगळे.

दुपारी तांबडा-पांढरा. पांढऱ्या रश्श्याला अळणी पाणी, नारळाचे दूध, खसखस आणि काजू लागतात, हे अक्का दाजींना बत्तीस वर्षे सांगते आहे. त्या दिवशी ती शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्यांनाही सांगत होती.

नव्या राजवाड्यावर मी थोडक्यातच लिहितो. १८७७ ते १८८४ या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार काळ्या घडीव दगडात बांधलेली ही वास्तू भव्य आहे, दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवरची शिवचरित्रातली दृश्ये पाहण्यासारखी आहेत; पण गर्दीमुळे तिथे पुढच्या माणसाच्या पाठीमागून सरकत राहावे लागते. सरांनी बाहेरच्या हिरवळीवर उभे करून घुमट, कमानी आणि घड्याळाचा मनोरा यांत देशी आणि विलायती घडण कशी मिसळली आहे ते सांगितले. पन्हाळ्याचे नाव दाजींनी काढले तेव्हा सरांनी स्पष्ट नकार दिला. सिद्दी जौहरचा वेढा, बाजीप्रभू, शिवा काशीद यांचा गड संध्याकाळच्या दीड तासात उरकायचा नसतो, त्याला वेगळा दिवस द्या, असे ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर चप्पल लाईन. इथे खरेदीआधी सरांनी आम्हाला त्यांच्या ओळखीच्या एका कारागिरापाशी बसवले. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले कातडे, त्याचा तो उग्र, मातकट वास. कारागिराने रापीने पट्टा सोलून पातळ केला, आरीने तळव्याला भोके पाडली आणि चामड्याच्याच बारीक वादीने टाके घालायला सुरुवात केली. खिळा नाही, दोरा नाही. प्रत्येक टाका ओढताना त्याच्या करंगळीवर वादीचा वळ उमटत होता, आणि तिथली कातडी इतकी निबर झाली होती की ती बोटाची वाटतच नव्हती. अंगठा, कान, पट्टा असे भाग तो नावे घेऊन भाचीला दाखवत होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. पण मानांकन त्या करंगळीपर्यंत पोहोचते का, हे गिऱ्हाईक घासाघीस करते तेव्हा ठरते. कारागिराने सांगितलेली किंमत दाजींनी मोजून दिली.

सूर्य कलायच्या सुमारास आम्ही रंकाळ्यावर पोहोचलो. पूर्वी इथे दगडाची खाण होती, फार प्राचीन काळी भूकंप होऊन ती पाण्याने भरली, आणि अंबाबाईच्या देवळाचा दगड याच खाणीतून गेला. सरांनी लगेच शब्द लावला, "हे लोक सांगतात. आख्यायिका." नंदी रोज गव्हाएवढा पुढे आणि तांदळाएवढा मागे सरकतो, हीदेखील त्याच सदरात. तरीही भाची पाण्याकडे पाहून म्हणाली, "मामा, सकाळी ज्या सांध्यावर नख फिरवलं तो दगड इथला असेल, तर आपण दिवसभर मागे मागे चालत आलो." सरांनी तिला दुरुस्त केले नाही.

मग त्यांनी तिला पश्चिमेकडे तोंड करून हात लांब करायला सांगितले. सूर्य टेकत होता. "आज हा इथं मावळतोय. इथून तीन-चार बोटं उजवीकडे मोज." तिने मोजली. "३१ जानेवारीला तो तिथं असेल आणि त्याची किरणं देवीच्या पायाशी असतील." आम्ही सगळ्यांनीच हात पुढे करून बोटे मोजली, कट्ट्यावर भेळ खात बसलेली एक छोटी मुलगीही आमचे पाहून मोजू लागली.

सरांनी ठरलेले मानधन घेतले आणि बसस्टॉपकडे चालू लागले. घरी आल्यावर दाजींनी चष्मा लावला, मोबाइल उघडला आणि महाराष्ट्र एक्सप्रेसचे बडनेऱ्याहून तीस जानेवारीला कोल्हापुरात पोहोचेल अशा बेताने तिकीट शोधू लागले. अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "तीन काढा. तिला कॉलेज बुडवू दे."